बी नसलेला भोपळा

विहीणबाईंच्या आजीचा भोपळा मी वरवंट्याने फोडला, आणि आत एकही बी निघालं नाही म्हणून वर त्यांच्याकडेच तक्रार केली. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं. पुढे वाचता वाचता कुणाला चुकून माझ्याबद्दल आदर वाटू लागला, तर मी फसवलं असं म्हणायला नको.

ऑक्टोबर होता. चार महिने भिजलेलं घर उन्हाला दाखवायचे दिवस. माणिकपूरच्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत गाद्या, उशा, गोधड्या, अगदी चपलासुद्धा रांगेने पडल्या होत्या. विहीणबाईंना मेघालयातून येऊन तीन दिवस झाले होते. त्या आणि माझी सून बंतेई, बाळाला दीड महिन्याची लस टोचायला घेऊन गेल्या होत्या. म्हटलं, पाहुण्यांच्या बॅगेलाही जरा ऊन दाखवावं. खरं म्हणजे ऊन हे निमित्त. त्या बॅगेत काय असेल या विचाराने मला तीन दिवस अन्न गोड लागत नव्हतं.

आत चौकटीच्या लोकरी शालीत गुंडाळलेला दुधी भोपळा निघाला. वाळलेला, धुराने काळपट-तांबूस झालेला, मान लांब आणि बारीक, तोंडाशी चिंधीचा बोळा. माझं माहेर वाडीतलं आणि सासरही वाडीतलंच. वाळका दुधी दिसला की आमच्या डोक्यात एकच येतं, बियाणं. हलवून पाहिला तर आवाज नाही. म्हटलं, प्रवासात ओल लागून बी चिकटून बसलं असेल. केवढ्या लांबून आणलंय बिचारीने, आपल्या सांडोरच्या वाडीत लावायला! आज पेरलं तर जानेवारीत मांडवाला मेघालयाचे दुधी लोंबतील. त्या लोंबणाऱ्या दुधींचं चित्र बघतच मी वरवंटा उचलला.

दार उघडलं तेव्हा माझ्या दोन हातांत दोन फाका होत्या.

"अहो विहीणबाई, तुम्हाला कुणीतरी चक्क फसवलं! यात एक बी नाही!"

विहीणबाईंना मराठीचं अक्षर कळत नव्हतं. आपल्याशी कुणी इतक्या उत्साहाने बोलतंय म्हणून त्या आधी हसल्या. मग त्यांची नजर माझ्या हातांवर गेली. बंतेई खांद्यावर बाळ घेऊन चपलांच्या रॅकपाशी तशीच उभी राहिली.

"आई," ती म्हणाली, "तो बियाण्याचा नव्हता. नाव ठेवायचा होता."

* * *

यंदाचा ऑक्टोबरही तसाच आलाय. पाऊस गेलाय आणि थंडीचा पत्ता नाही. दुपारी ऊन असं पडतं की डांबरावरून जाणारी रिक्षा पाण्यावरून गेल्यासारखी हलते, आणि संध्याकाळी कुठून तरी ओल्या मातीचा, झेंडूचा आणि जळत्या पाचोळ्याचा मिळून एक वास येतो. या वासाला नाव नाही. मला तो आला की मी गॅलरीतल्या खुर्चीत बसते आणि डोळे मिटते. घरातल्यांना वाटतं म्हातारी झोपली. मी झोपत नाही, मी बासष्ट वर्षांची होते.

बासष्ट म्हणजे तेव्हाची मी. काय बाई होती! सगळं कळतं अशी चालायची. साडीची निरी एक इंच इकडेतिकडे नाही आणि मत एक इंच इकडेतिकडे नाही. मला आज ती रस्त्यात भेटली तर मी पलीकडच्या फुटपाथने जाईन.

नात नुकतीच नऊ वर्षांची झाली. ती शाळेतून येते, दप्तर फेकते आणि माझ्या खुर्चीच्या दांडीवर बसते. मग आमचा रोजचा पाठ सुरू होतो. तिची आई, आईची आई, तिची आई, तिचीही आई, अशी नावांची शिडी मी वर चढत जाते आणि ती बोटांवर मोजते.

"आजी, गाळलीस! मधली एक गाळलीस!"

"गाळली नाही, ती जरा बाहेर गेली होती."

"आजी!"

मग पहिल्यापासून. शेवटच्या पायरीवर त्यांच्या कुळाची मूळ आजी. खासी लोकांत प्रत्येक कुळाची अशी एक मूळ आजी असते, सगळे तिच्यापासून आलेले. तिथे पोहोचलो की नात हात जोडत नाही, नुसती गप्प होते. मीही होते. खाली कुणाच्या तरी कुकरची शिट्टी वाजते.

* * *

बंतेई आमच्या घरात आली ती सुहासमुळे. सुहास माझा मुलगा. नोकरीसाठी दोन वर्षं शिलाँगला होता, तिथून येताना ही गोष्ट घेऊन आला. फोनवर म्हणाला, "आई, ती खासी आहे." मी विचारलं, "म्हणजे ख्रिश्चन?" आमच्या वसईत निम्मे शेजारी ख्रिश्चन, मला त्याचं काहीच वाटलं नसतं. तो म्हणाला, "नाही. तिच्या दोघी मोठ्या बहिणी चर्चला जातात. ही आणि हिची आई जुन्या धर्माच्या." मी विचारलं, "जुना म्हणजे कुठला? देव कोण?" तो म्हणाला, "देव आहे. पण त्याची मूर्ती नसते. देऊळ नसतं. पोथी नसते."

मूर्ती नाही, देऊळ नाही, पोथी नाही. बासष्टच्या त्या बाईने हिशोब करून टाकला, म्हणजे धर्मच नाही, जागा रिकामी आहे. आणि रिकामी जागा दिसली की आम्ही बायका तिथे काहीतरी ठेवतोच. मी बंतेईच्या खोलीत बाळकृष्णाची तसबीर लावली. ती तसबिरीखाली रोज मोगऱ्याचं फूल ठेवू लागली. मी खुशीत. पुष्कळ दिवसांनी कळलं, ती फूल देवाला म्हणून ठेवत नव्हती, मी लावलेली तसबीर आहे म्हणून ठेवत होती.

ती वसई रोडला एका चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. घरात डोळे तपासणारी सून आणि सासू अशी, की हातात धरूनही भोपळा ओळखता येऊ नये.

मग मला हळूहळू बाकीचं कळत गेलं आणि प्रत्येक वेळी मी गॅलरीत जाऊन बसले. त्यांच्यात मूल आईच्या कुळाचं. घर धाकट्या मुलीचं, आणि घरातलं देवाचं सगळं करणंही तिच्याकडेच. धाकटीला ते खातदुह म्हणतात. तिचा नवरा तिच्या घरी राहायला जातो. बंतेई धाकटी! म्हणजे माझा सुहास घरजावई होता होता वाचला, तेही नोकरी इकडे लागली म्हणून. मला वाटलं, आपण जिंकलो. तिकडे डोंगरात एका बाईला वाटत होतं की आपल्या घरचा दिवा कुणीतरी उचलून समुद्रकाठी नेला. दोघी मोठ्या मुली आपल्या वाटेने गेल्या होत्या, सुखात होत्या, त्यांच्याबद्दल तक्रार नव्हती. पण जुनं सगळं आता या एकीच्याच हातात होतं, आणि ती एकटी वसईत, मोगऱ्याचं फूल घेऊन, माझ्या तसबिरीपुढे.

हे सगळं मला तेव्हा कळत नव्हतं. मी बाळासाठी चांदीची वाटी करून घेतली होती आणि तिच्यावर आमचं आडनाव कोरून आणलं होतं. बंतेईने वाटी उलटसुलट करून पाहिली.

"छान आहे, आई. पण हिचं आडनाव माझं असेल."

"मग आमचं काय राहिलं गं तिच्यात?"

तिने पाळण्यात वाकून पाहिलं. "नाक," म्हणाली. "अख्खं तुमचंच आहे."

* * *

भोपळा फोडण्याच्या तीन दिवस आधीची गोष्ट. विहीणबाई आल्या आल्या त्यांनी पदराखालून एक पुडी काढली. त्यांच्या छातीवर एका खांद्याला गाठ मारलेलं चौकटीचं वस्त्र असायचं, मी त्याला पदरच म्हणते. पुडीत ओल्या सुपारीच्या फोडी, चुना आणि पान. याला ते क्वाइ म्हणतात. त्यांच्याकडे पाहुण्याला आधी पाणी नाही, क्वाइ. पाहुणा मी नव्हते, त्या होत्या, तरी देणार त्याच. आगाशीच्या बाजारातून मी खास नाजूक पानं आणून ठेवली होती. त्यांनी एक पान उन्हात धरून पाहिलं, बोटाने शीर दाबली आणि मान डोलावली. पहिल्यांदाच मला वाटलं, या बाईला काहीतरी कळतं.

मग मी तोंडात ती फोड टाकली. देवा! कानशिलं तापली, कपाळावर घाम, भिंतीवरचं घड्याळ माझ्याकडे चालत यायला लागलं. मी सोफ्याचा हात धरून बसले आणि "छान, छान" म्हणत राहिले. विहीणबाई इतक्या हसल्या की त्यांचे लाल झालेले दात दिसले. बंतेई म्हणाली, "आमच्यात कुणी गेलं की म्हणतात, तो आता देवाच्या घरी सुपारी खातोय. माझी आजी तिथेच आहे."

गरगरत्या डोक्याने मी ते ऐकलं आणि का कोण जाणे, मला माझी आई दिसली. एका ओसरीवर बसलेली, कुणा अनोळखी डोंगरी म्हातारीच्या शेजारी, दोघी पान लावताहेत. मूर्ती नव्हती, देऊळ नव्हतं, पण जागा रिकामी दिसेना.

हे कळल्यावर तिसऱ्याच दिवशी मी भोपळा फोडला. माणसाला कळलेलं फार वेळ टिकत नाही.

* * *

विहीणबाई रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. माझ्या हातांतल्या फाका घेतल्या, खाली बसून बारीकसारीक कपचे वेचले, सगळं शालीत बांधलं आणि गॅलरीत गाद्यांच्या रांगेत जाऊन बसल्या. पान लावलं. मी दाराआड उभी. बंतेईने मला सांगितलं. या भोपळ्यात पाणी आणि तांदळाचं पीठ घालतात. तीन नावं काढून ठेवलेली असतात. पाणी ओतत ओतत एकेक नाव घ्यायचं. ज्या नावाला शेवटचा थेंब तोंडाशी अडून राहतो, पडता पडत नाही, ते नाव बाळाचं. खरं तर जन्माच्या दुसऱ्या दिवशीच करायचं असतं. इथे दवाखाना, तिकडून येणं, यात लांबलं. विहीणबाईंचं नाव याच भोपळ्याने ठेवलेलं. बंतेईचंही.

गॅलरीतून विहीणबाई हळूच काहीतरी बोलल्या. "मेइ काय म्हणतेय?" मी विचारलं. मेइ म्हणजे आई, एवढं मला येत होतं.

बंतेईने बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"म्हणतेय, इथे होऊ नये असंच असेल कदाचित. म्हणतेय, तुम्ही तुमच्या पद्धतीने बारसं करा. ती परवा जाईल."

बासष्टच्या बाईला खरं तर हेच हवं होतं. आडनावाची वाटी, माझा भटजी, माझा पाळणा. पण गॅलरीत गाद्यांमध्ये बसलेली ती पाठ मी पाहिली आणि मला ते नको झालं. ही पाठ परवा विमानात बसून जाईल आणि शालीत कपचे असतील. तिकडे घरी धाकटीच्या जागी कुणी नसेल. कुणीतरी विचारेल, "नात झाली म्हणे, नाव काय ठेवलं?" आणि ही सांगेल, "त्यांनी ठेवलं."

मी चप्पल घातली. विहीणबाईंच्या समोर उभी राहून खुणेने म्हटलं, चला. त्यांनी विचारलं नाही कुठे. बाळाकडे बंतेई थांबली. आम्ही दोघी रिक्षात बसलो आणि सांडोरला गेलो.

* * *

सांडोरला मोठ्या जाऊबाई. आमच्या वाट्याची वाडी त्याच बघतात. ऑक्टोबरातली केळीची वाडी ज्याने पाहिली नाही त्याला कसं सांगू? आत शिरलं की ऊन हिरवं होतं. पाटात पाणी सरपटतं, दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. बावखलाच्या, म्हणजे आमच्या वाडीतल्या तळ्याच्या, पाण्यावर केळीची सावली पडून अख्खं तळं पालवल्यासारखं दिसतं. ओट्यावर राजेळी केळी सोलून उन्हात मांडलेली, सुकेळी होण्यासाठी, आणि त्यांचा मधासारखा वास. विहीणबाई वाटेत थांबल्या. एका केळीच्या बुंध्यावर त्यांनी तळवा ठेवला, जसा गाईच्या पाठीवर ठेवतात. त्या डोंगरातही केळी असतात, हे मला तेव्हा सुचलंही नव्हतं. मला वाटायचं तिकडे नुसते ढग.

पडवीत पाणी तापवायची चूल, आणि चुलीवर धुरात टांगलेले बियाण्याचे चार दुधी.

"एक दे," मी म्हटलं.

"देन की. पन त्यातलं बी कुठं ठेऊ? तुज्या डोक्यात?" जाऊबाई म्हणाल्या. "आनि ह्या कोन?"

मी सगळं सांगितलं. वरवंट्यासकट. जाऊबाई लाकडाच्या ढिगावर बसून हसल्या. हसता हसता डोळे पुसत म्हणाल्या, "शकू, तू शेरात रावून पार येडी झालीस. बोळा लावलेला भोपला बियान्याचा असतो काय गं? बोळा म्हंजे भांडं!"

खरंच की. तिला कळलं. मला कळलं नव्हतं.

विहीणबाईंनी चारही दुधी खाली उतरवून घेतले. बोटाच्या पेराने प्रत्येकाला टकटक केलं, कान लावला. एक जाऊबाईंच्या हातात दिला. जाऊबाईंनीही टकटक केलं, मान हलवली, दुसरा पुढे केला. एकीला दुसरीची भाषा येत नव्हती. अर्धा तास दोघी भोपळ्यांना विचारत बसल्या. शेवटी लांब मानेचा एक ठरला. मानेचं टोक कोयत्याने अलगद कापलं, बी जाऊबाईंच्या पदरात ओतलं. मग बावखलाच्या काठी बसून, आत बारीक खडे आणि वाळू घालून, पाण्याने खळखळ हलवून, ओतून, पुन्हा भरून, विहीणबाईंनी तो भोपळा दुपारभर धुतला. जाऊबाई पाणी देत राहिल्या. मी सुकेळी खात राहिले, मला कुणी कामच सांगेना.

तिथे बसून मला एक गोष्ट आठवली, जी मी कुणाला सांगत नाही. लग्नानंतर आम्ही फ्लॅटमध्ये आलो तेव्हा मी आमची घरची बोली सोडली. शेजारीण एकदा हसली होती म्हणून. 'पानी' म्हणायची जीभ मी 'पाणी'वर आणली, आणि सुहासला त्या बोलीतला एक शब्द शिकवला नाही. कुणी माझ्यावर जबरदस्ती केली नव्हती. माझी मीच फोडली, आणि कपचेसुद्धा वेचले नाहीत. आणि ही बाई, पाण्याकाठी बसून, परक्या गावच्या दुधीला आपल्या घरचं वळण लावत होती.

* * *

दोन दिवसांनी सकाळी आमच्या हॉलमध्ये ते झालं. टीपॉय उचलला, जमिनीवर केळीचं पान. पानावर तांदळाचं पीठ. तेवढं मी केलं, मोदकाच्या पिठासारखं मऊ. मुलगी म्हणून तिच्यासाठी एक कोयता आणि डोईवरून पाठीवर ओझं न्यायचा वेताचा पट्टा. शिवाय सुका मासा. विहीणबाईंनी तिकडचा आणला होता, पण माझ्या डब्यातला बोंबील हुंगून त्यांनी तोही शेजारी ठेवला. त्या एका बोंबलाने मला जो मान वाटला, तो चांदीच्या वाटीने वाटला नसता.

शब्द म्हणायचे ते मामाने. बंतेईचा मामा तिकडून येऊ शकला नाही, म्हणून तो फोनवर. आमच्या हॉलमध्ये रेंज नाही. सुहास फोन घेऊन कधी खिडकीत, कधी स्टुलावर, शेवटी गॅलरीच्या दारात एक हात बाहेर काढून उभा राहिला. त्या हाताच्या टोकाला मामाचा आवाज खोल, संथ वाहत होता. एक शब्द कळत नव्हता, तरी मी डोकं झाकून घेतलं.

तीन नावांपैकी एक विहीणबाईंनी काढलेलं, एक बंतेईने. तिसरं? बंतेई माझ्याकडे वळली. "तुम्ही सांगा. बापाच्या आईने सांगायचं, असं मेइ म्हणते."

मला वाटलं नव्हतं मला विचारतील. तयारी काहीच नव्हती. आणि त्या बाईने, बासष्टच्या त्या बाईने, काय सांगावं? "शकुंतला." स्वतःचंच नाव! सुहासचा हात फोनसकट हलला आणि मामा क्षणभर गेला.

पाणी ओतलं. पहिलं नाव, थेंब पडला. दुसरं, शकुंतला. माझ्या नावाला थेंब पापणी लवेपर्यंतही थांबला नाही. टपकन पडला, जणू त्याला घाई होती. तिसरं नाव विहीणबाईंनी घेतलं, "दाफी," आणि सांडोरच्या दुधीच्या तोंडाशी पांढरा थेंब येऊन लोंबला. ऊन त्याच्यातून आरपार. आम्ही सगळे श्वास धरून. तो थरथरला, लांबला, पुन्हा गोळा झाला, पडेना. पाळण्यातून बाळाने जांभई दिली.

मग हळद-पिठाचा लेप बाळाच्या तळपायाला लावला, मग आम्हा सगळ्यांच्या. माझ्या भेगाळलेल्या टाचेला विहीणबाईंची थंड बोटं लागली आणि मी, जी तोपर्यंत शहाण्यासारखी वागत होते, एकदम फुरंगटले.

"कूळ यांचं, नाव यांचं, देव यांचा," मी बंतेईला मराठीत म्हटलं. "मी काय फक्त दुपटी धुवायला?"

बंतेईने जसंच्या तसं आईला सांगितलं. मी तिला कोपर मारलं, पण वाक्य तोवर पोहोचलं होतं. विहीणबाईंनी पिठाचे हात पदराला पुसले, बाळाला उचलून माझ्या मांडीवर ठेवलं, आणि माझ्या डोळ्यांत बघत त्यांच्या भाषेत सावकाश बोलल्या. बंतेईने एकेक शब्द मराठीत करून मला सांगितला:

"आमच्या धर्मात मुलीने आईचं कूळही ओळखायचं आणि बापाचे लोकही ओळखायचे, त्यात बापाच्या आईचा मान फार मोठा. मी आता जाणार, माझी मुलगी दिवसभर कामाला, पोरीजवळ तुम्हीच असणार. तेव्हा असं करू, तुमचा मान ठेवायला तिला मी फोनवरून शिकवीन, आणि माझं कूळ तिला तुम्ही शिकवा."